मदत हवी आहे : वर्षाची वीज जुळते, पण संध्याकाळचे साडेसात जुळत नाहीत!

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला एम.टेक. करते आहे. प्रकल्पाचा विषय : २०४० साली देशाची वीज कशापासून किती तयार करावी. दोन महिने एक्सेल घेऊन बसले आहे आणि आता पार अडले आहे.

आधी वर्षाचा हिशोब मांडला. एक मेगावॉट सौर वर्षाला साधारण १७-१८ लाख युनिट देते, तेवढाच कोळशाचा संच नीट चालला तर ६० लाखांच्या वर. (म्हणून तर २०२५ मध्ये कोळसा-गॅस सोडून बाकीची क्षमता देशाच्या एकूण क्षमतेच्या निम्म्यापर्यंत पोचली, तरी बहुतांश वीज अजून कोळशाचीच.) बेरीज जुळली. सरांनी तक्ता पाहून एवढंच विचारलं, "संध्याकाळी साडेसातला काय करशील?"

आमच्या गच्चीवर तीन किलोवॉटची पॅनल आहेत. त्या दिवशी घरी राहून मोबाईलवर आकडे बघत बसले. दुपारी एकला २.३ किलोवॉट, सहाला ०.२, साडेसातला शून्य. आणि नेमकी तेव्हाच खाली पाण्याची मोटर, मिक्सर, आजीचा कूलर सगळं एकदम चालू. बाबांचं सांवेर रोडला लेथचं वर्कशॉप आहे. वीज गेली की चढवलेला जॉब खराब होतो. त्यामुळे ही तूट मला नुसता आकडा म्हणून सोडून देता येत नाही.

मग वर्षाचे ८७६० तास वेगवेगळे मांडले, आणि खरी पंचाईत तिथे झाली. कोळशाचे संच रोज बंद-चालू करता येत नाहीत. २०२३ च्या नियमांप्रमाणे ते आपल्या क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत खाली यायला हवेत, पुढे टप्प्याटप्प्याने ४०. तरी दुपारी सौर वीज उरते आणि संध्याकाळी कमी पडते. चार तास पुरणाऱ्या बॅटऱ्या आणि गांधीसागर धरणावरच्या प्रकल्पासारखं दुपारी पाणी वर चढवून संध्याकाळी सोडणं, हे दोन्ही घातल्यावर मे महिना निभावला. पण ऑगस्टमध्ये आठवडाभर ढग धरले की बॅटरी दुपारी भरतच नाही.

त्यात देशाची मागणी ३० मे २०२४ ला दुपारी २५० गिगावॉटला पोचली होती, तर आपल्या मध्य प्रदेशात ती डिसेंबर-जानेवारीत चढते, रब्बीच्या पंपांमुळे. मग मी कोणता दिवस धरून क्षमता ठरवू? प्रत्येक महिन्याचा एक नमुना दिवस पुरेल, की सगळ्यात वाईट आठवडा शोधून त्यावर सगळं बेतायचं? तसं केलं तर खर्च भलताच वाढतो आहे.

शिवाय रात्रीच्या मागणीला पवनऊर्जा किती धरावी? शून्य धरणं अन्याय वाटतो, कारण पावसाळ्यात वारा भरपूर असतो. पण सरासरी धरली तर ऐन वेळी तो पडला म्हणजे?

इथे कुणी भारप्रेषण केंद्रात (लोड डिस्पॅच सेंटर, जिथे कोणत्या वेळी कुठली वीज किती घ्यायची ते ठरतं) काम केलेलं असेल, किंवा असं तासवार गणित केलेलं असेल, तर प्रत्यक्षात तुम्ही कसं ठरवता ते सांगाल का? पुढच्या सोमवारी सरांना दाखवायचं आहे.