विहिरीत गोटा टाकून खोली काढली का कोणी?

काल रात्री दणकून पाऊस झाला. सकाळी पाहतो तं पोरगं अंगणात तेलाच्या रिकाम्या डब्यात पट्टी बुडवून बसलेलं. "बाबा, २२ मिलिमीटर! मंग आपल्या वावरात किती?" एकरभर जागेवर एक मिलिमीटर म्हणजे ४,०४७ लिटर. गुणाकार केला, एकरी ८९ हजार लिटर. दहा हजारी टँकर धरले तर जवळजवळ नऊ! चुलीपासून माय म्हणे, "मंग इहीर काऊन नाई भरली?" गप बसलो.

इहीर म्हटल्यावर आबाजी आठवले. ते गोटा टाकून "एक राम, दोन राम" मोजायचे. पुढं शाळेत सूत्र भेटलं : सेकंदाचा वर्ग गुणिले १६, खोली फुटात. आज मोबाईलवर वेळ लावली, १.७ सेकंद. म्हणजे ४६ फूट. दोर सोडला तं पाणी ३६ वर. दहा फूट गेले कुठं? तुमचेही असे उद्योग असतील तर लिहा.

कपाशीवाला : अंगठा उशिरा दाबला भाऊ. ३६ फुटाले दीडच सेकंद लागते. आवाज ऐकून बोट हलेपर्यंत ०.२ गेले, अन् वर्ग केला की त्याचेच दहा फूट होतात.

धुऱ्यावरचा : पाच वेळा टाका, सरासरी काढा.

कपाशीवाला : पाचही वेळा उशीरच होईन ना राजे हो. सरासरीबी उशिराचीच.

गटातली ताई : भाकरी टाकता टाकता लिहिते. घरी एकजण कर्ज द्यायला आला होता. १२ हजार, १२ महिने, "फक्त दोन टक्के". महिन्याचे दोन म्हणजे वर्षाचे २४, एवढं कळलं. पण व्याज पूर्ण १२ हजारांवर, शेवटपर्यंत! २,८८० रुपये. मी लेकीच्या वहीत मांडलं. दर महिन्याला हजार मुद्दल फेडलं अन् उरलेल्यावरच व्याज धरलं, तर १,५६० होतात. कागद दाखवल्यावर चहा अर्धाच टाकून गेला.

वांग्याचं भरीत : ताई, तो कागद आमच्या गटालाही पाठवा ना.

गटातली ताई : वही लेकीनं शाळेत नेली. संध्याकाळी.

मास्तर (निवृत्त) : औटकी कोणाला येते आता? साडेतीनचा पाढा. आमची आजी अक्षरशत्रू, पण सात औटे साडेचोवीस झोपेतही. बाजारात मापारी घाबरायचा तिला.

कपाशीवाला : मी मागच्या वर्षी बोंडं मोजली. लागण ४ फूट बाय दीड, म्हणजे एकरी ७,२६० झाडं. दहा झाडांची बोंडं मोजली, सरासरी ४०. बोंडाला ४ ग्रॅम कापूस. साडेअकरा क्विंटल! बायकोले म्हटलं, यंदा दिवाळीले फ्रिज. निघाला सहा.

धुऱ्यावरचा : बोंडअळी?

कपाशीवाला : थोडी तेबी. पण खरं सांगू? दहाही झाडं रस्त्याकडची मोजली होती, शेणाच्या ढिगाऱ्याजवळची. मधातल्या खोलगट पट्ट्यात, जिथं पाणी साचते, तिथं चिखलात कोण जाते?

वांग्याचं भरीत : फ्रिजचं काय झालं मग 😄

कपाशीवाला : माठ हाय ना.

नागपूरवाली पोट्टी : मी गच्चीवर बाटली उभी करून पाहिली होती. २६ मेच्या आसपास भर दुपारी सावली गायब! नागपूर २१ अंश अक्षांशावर, म्हणून सूर्य बरोबर डोक्यावर येतो. यवतमाळकडं तीन-चार दिवस आधी. चटके बसले पण.

मास्तर (निवृत्त) : छान. तुरीचं बियाणं कोणाकडे आहे का? दोन किलो पाहिजे.

धुऱ्यावरचा : मास्तर, मेसेज केला. अन् डबेवाले भाऊ, आमच्या बादलीत काल ३० भरले. आमच्याकडं जास्त पडला का?

धागाकर्ता : बादली खाली निमुळती ना? वरून रुंद तोंडानं झेलते, खाली अरुंद जागेत उंच चढते. बाजू सरळ पाह्यजे, मग डबा लहान असो का मोठा.

वांग्याचं भरीत : अन् गोटे बस करा भाऊ, मोटरीवर पडन एखादा.

धागाकर्ता : सकाळपासून सात झाले. माय विचारून राहिली, काढाले कोण उतरन?