डी विंगच्या शेडमधला विंचू आणि सोडियमचं दार

डी-१०३: पार्किंगच्या पत्र्याच्या शेडात विटांखाली विंचू निघालाय. तांबूस, बोटाएवढा. चिल्यापिल्यांना तिकडं सोडू नका. आमचे काका म्हणायलेत, चावला तर वर करकचून दोरी बांधायची.

बी-३०२: काका, दोरी नको, चिरा नको. हात-पाय हलू न देता थेट दवाखाना गाठायचा. तांबडा विंचू असेल तर दुखणं किती आहे यावर जाऊ नका. खरा धोका आहे त्या पेशंटला कधीकधी दुखतं कमीच. घाम, उलटी, थंडगार हातपाय, छातीत धडधड ही लक्षणं बघा. नंतर खोकला आणि दम लागला तर फुप्फुसात पाणी भरायला लागलंय असं समजा. लहान मुलांना जास्त जपा.

ए-४०१: मॅडम, दवाखान्यात देतात काय?

बी-३०२: प्राझोसिन, रक्तवाहिन्या सैल करणारं औषध. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या लेकराला ४५० मायक्रोग्रॅम. हातपाय गरम होईपर्यंत दर ३ तासांनी. साधी गोळी लागते, हळूहळू विरघळणारी चालत नाही. पहिल्या डोसनंतर बीपी एकदम उतरू शकतं, म्हणून पेशंटला झोपवूनच ठेवतात. घरी कुणी देऊ नका. हा उपाय जालना जिल्ह्यातल्या देहेडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडकडे रुग्ण बघता बघता रुजवला, १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २०११ च्या त्यांच्या अभ्यासात प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषावरचा उतारा (अँटिव्हेनम) दिलेले रुग्ण लवकर सावरले.

सी-२०५: मॅडम, मी 'नीट' परीक्षेचा रिपीटर. आमच्या नोट्समध्ये 'सोडियम चॅनेल उघडतं, मग बंद होतं' एवढंच आहे. विंचवाचं विष त्यात नेमकं कुठं बसतं?

ई-५०२: हे मी सांगतो बाळा, शिकवतोच हे. सोडियम चॅनेल म्हणजे नसपेशीच्या पडद्यातलं, सोडियम आत सोडणारं प्रथिनाचं दार. चॅनेल उघडल्यावर १-२ मिलिसेकंदांत त्याच्या आतल्या बाजूचं एक झाकण येऊन बसतं. त्याला इनॅक्टिव्हेशन म्हणतात. चॅनेलच्या चौथ्या भागात व्होल्टेज ओळखणारा एक तुकडा असतो, तो सरकला की झाकण लागतं. विंचवाच्या विषातलं 'अल्फा' प्रकारचं विष बाहेरून येऊन तोच तुकडा अडकवून ठेवतं. दार उघडंच राहतं, सोडियम आत येतच राहतो, नसांच्या टोकांतून अॅड्रेनॅलिनच्या कुळातली रसायनं भसाभस सुटतात. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो. प्राझोसिन त्या वाहिन्या सैल करतं. चॅनेलला ते हात लावत नाही, हे लक्षात ठेव.

ई-५०२: आणि हे चॅनेल हाती लागलं तेही विंचवाच्या विषामुळंच! हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड नसेवर प्रवाह मोजून गणित मांडलं, पण तो प्रवाह नेणारं प्रथिन कुणी पाहिलं नव्हतं. सिअॅटलच्या विल्यम कॅटरॉल यांनी पिवळ्या विंचवाच्या विषाला प्रकाशानं चिकटणारा रासायनिक गट जोडला, किरणोत्सारी आयोडीनची खूण केली, मेंदूच्या नसांच्या टोकांवर टाकलं आणि अतिनील प्रकाश पाडला. विष जिथं बसलं होतं तिथंच कायमचं चिकटलं. मग प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पट्टी दिसली, सुमारे २,६०,००० डाल्टनची (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक). १९८० ची गोष्ट. मला यातली सर्वांत देखणी गोष्ट ही वाटते की जे विष दार अडकवतं, त्यालाच त्यांनी खूणगाठ केलं. पुढं १९९२ मध्ये झाकणातली आयसोल्युसिन, फिनाइलअॅलानिन, मिथिओनिन ही तीन अमिनो आम्लं त्यांच्याच प्रयोगशाळेनं दाखवली, आणि २०११ मध्ये जिवाणूच्या सोडियम चॅनेलची स्फटिकरचना. २०२४ मध्ये ते गेले.

ए-४०१: सर, याचा आजारांशी काही संबंध? तापात झटके येणाऱ्या काही बाळांना कार्बामाझेपिन हे झटक्यांवरचं औषध देऊ नका म्हणतात, ते कशामुळं?

ई-५०२: ताई, तो ड्राव्हे सिंड्रोमचा मुद्दा, म्हणजे तान्हेपणी सुरू होणारा झटक्यांचा गंभीर आजार. त्यात बहुतेकदा एससीएन१ए हा सोडियम चॅनेल बनवणारा जीन बिघडलेला असतो. मला आधी उलटंच वाटायचं, सोडियम चॅनेल कमी म्हणजे मेंदू शांत व्हायला हवा. पण कॅटरॉल यांच्या चमूनं २००६ मध्ये उंदरांत दाखवलं की सोडियमचा प्रवाह मुख्यतः इतर पेशींना दाबून ठेवणाऱ्या नसपेशींत घटतो. ब्रेकच निकामी झाल्यावर गाडी पळणारच. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही औषधं सोडियम चॅनेलच आणखी अडवतात, म्हणून झटके वाढू शकतात.

बी-३०२: पहिल्या वर्षात तापासोबत लांबलेले किंवा एकाच बाजूचे झटके आले, गरम पाण्याच्या अंघोळीनं आले, तर मेंदूविकारतज्ज्ञांना जीन तपासणीबद्दल विचारा. झटक्याचा व्हिडिओ आणि मिनिटं लिहून न्या. चालू औषध मात्र मनानं एकदम बंद करू नका, त्यानंही झटका येतो.

डी-१०३: बरं झालं मॅडम, दोरीचं काकांना सांगितलं. आता शेडाचं काय?

ई-५०२: रात्री अतिनील टॉर्च घेऊन फिरू. अंधारात विंचू हिरवट-निळा चमकतो. लांब चिमटा, बूट आणि झाकणाची बरणी लागेल. विटा हातानं उचलू नका.

डी-१०३: चिमटा आहे. ९ वाजता खाली या सर.