मदत हवी आहे: जहाजावरच्या अधिकाऱ्यांचा मानसिक भार मोजताना हृदयगतीवर कितपत भरवसा ठेवावा?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला मानसशास्त्रात एम.ए. करते आहे. प्रकल्पाचा विषय: वॉचवर (पहाऱ्याच्या पाळीवर) असताना ब्रिजवरच्या (जहाज जिथून चालवतात तिथल्या) अधिकाऱ्याच्या डोक्यावर किती भार असतो. विषय सुचला मावसभावामुळे. तो मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे, बारा ते चारचा वॉच त्याचा. खोल समुद्रात तासन्‌तास काही घडत नाही, आणि मुंबई जवळ आली की मासेमारी बोटी, रडार, व्हीएचएफ रेडिओवरची बोलणी, बंदरात जहाज नेणाऱ्या पायलटची वेळ, सगळं एकदम अंगावर येतं, असं तो सांगतो.

नासा-टीएलएक्स प्रश्नावली (1988 सालची, भाराच्या सहा बाजू विचारणारी) वापरायची हे नक्की आहे. पण ती काम संपल्यावर भरतात. त्यात वॉचमधली कठीण दहा मिनिटं बाकीच्या निवांत वेळात विरून जातात, आणि मला तर तीच हवी आहेत. हवाई वाहतूक नियंत्रकांना काम चालू असतानाच एक ते पाचमधला आकडा विचारतात. माझी मोजणी जहाजाच्या सिम्युलेटरवर आहे, तिथे तसं करता येईल, पण टक्कर टाळायच्या ऐन वेळी आकडा विचारला तर भार आपणच वाढवला ना?

म्हणून छातीचा पट्टा लावून ठोक्यांमधलं अंतर नोंदवायचं आणि आरएमएसएसडी (लागोपाठच्या ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं त्याचा आकडा) काढायचं ठरवते आहे. भार वाढला की ते साधारणपणे घटतं. अडचण अशी की ब्रिजवर माणूस उभा असतो, रडारपासून खिडकीपर्यंत फिरतो, बोलतो, आणि या सगळ्यानेही तोच आकडा हलतो. डोळ्याच्या बाहुलीवरून मोजावं, तर रात्रीच्या अंधारात पडद्यांच्या उजेडानेच ती लहानमोठी होते.

बेसलाइन (तुलनेसाठीची, भार नसतानाची नोंद) बसवून न घेता, उभं करून, थोडं चालायला-बोलायला लावून घेतली तर चालेल का? नोंदीचे पाच मिनिटांचे तुकडे घेण्याची रीत आहे, पण जवळून जाणारी बोट त्याआधीच निघून जाते. एक मिनिटाचा तुकडा आरएमएसएसडीसाठी परीक्षक मान्य करतील का? आणि थकवा वेगळा कसा काढायचा? नियमाने 24 तासांत किमान 10 तास विश्रांती असते, पण झोप किती लागली हे त्यातून कळत नाही. आदल्या दोन रात्रींची झोप लिहून घेतली तर पुरेल का?

कुणी मर्चंट नेव्हीत असाल तर कोणते प्रसंग खरोखर जड जातात तेही कृपया लिहा, सिम्युलेटरवरचा प्रसंग त्यावरूनच बेतेन. सहभागी होणारे सगळे सुट्टीवर आलेले आहेत, कुणाला कधी परत बोलावतील सांगता येत नाही. त्यामुळे मोजणी एकाच फेरीत उरकावी लागणार आहे.