नवीन मुख्याध्यापक आणि शाळेचं वातावरण: सुरुवात कुठून करावी?

खडूची_पूड:
अनुदानित प्राथमिक शाळा, पहिली ते सातवी, 14 शिक्षक. जूनपासून नवीन मुख्याध्यापक. आधीचा कारभार 'वही दाखवा, सही घ्या' असा. शिक्षकखोलीत दोन गट, मीटिंगमध्ये सगळे गप्प. वातावरण मोजायचं कशाने आणि पहिल्या सत्रात आधी काय बदलावं? व्याख्या नकोत.

सातवा_तास:
हॉय आणि क्लोव्हर या अमेरिकी संशोधकांची प्राथमिक शाळेचं वातावरण मोजणारी 1986 ची प्रश्नावली बघा. 42 विधानं, 'क्वचित'पासून 'अगदी वारंवार'पर्यंत चार पर्याय. मुख्याध्यापकांच्या वागण्याचे तीन धागे ती वेगळे काढते: पाठबळ, हुकमत आणि अडथळा. खरी गोम तिसऱ्यात आहे. कडक असणं वेगळं, कामात खोडा घालणं वेगळं. चालू तासाला शिपाई पाठवून 'माहिती आत्ताच्या आत्ता द्या' म्हणणं हा अडथळाच, कितीही गोड बोलून मागितली तरी.

भरून घेताना नाव तर नकोच, विषय आणि सेवेची वर्षंही विचारू नका. 14 जणांत 'गणित, 22 वर्षं' म्हटलं की माणूस ओळखू आलाच. वाटप मुख्याध्यापकांनी करू नये. आकडे फक्त शाळेच्या सरासरीचे वाचा. हायस्कूलसाठी 34 विधानांची वेगळी आवृत्ती आहे, ही तिथे चालवू नका.

घंटा_झाली:
त्याआधी बदली तासिकांचं रजिस्टर उघडा. मागच्या तीन महिन्यांत कोणाच्या वाट्याला किती आल्या ते मोजा. गट बरेचदा तिथेच पडतात: रजा एकाची, भुर्दंड ठरलेल्या दोघांना. पाळीची यादी शिक्षकखोलीत लावा. पाळी मोडली तर कारण तिथेच लिहा.

टाचण वह्यांवर (शिक्षकांच्या पाठाच्या तयारीच्या वह्या) सरसकट लाल सही म्हणजे नुसती हजेरी. त्यापेक्षा आठवड्याला दोन-तीन वह्या वाचून एकेक कामाची ओळ लिहा. वर्गनिरीक्षण आधी कळवून, 20 मिनिटं. त्याच दिवशी समोरासमोर बोलणं, शेरा त्यानंतर. शेरा आधी लॉगबुकात (निरीक्षणाच्या नोंदवहीत) गेला की पुढच्या वेळी दाखवायचा पाठच बघायला मिळतो.

पाटी_पेन्सिल:
एक धोका राहिला. दडपण काढायच्या नादात 'तुमचं तुम्ही बघा' सुरू होतं. लेविन, लिपिट आणि व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी 1939 मध्ये दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या गटांवर केलेला प्रयोग आठवा: नेता खोलीबाहेर गेला की हुकमतीखालच्या गटाचं काम ढेपाळायचं, विचारून चालणाऱ्या गटाचं चालू राहायचं. पण मोकाट सोडलेल्या गटाचं काम मुळातच कमी आणि सुमार. म्हणून वेळापत्रक, सहल, स्नेहसंमेलन सगळ्यांना विचारून ठरवा. पोषण आहाराचा हिशेब, मुलांची सुरक्षितता, छडी (शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार बंदच) यांवर मतदान नाही.

खडूची_पूड:
सर्वांचे आभार. मीटिंगमधल्या शांततेचं काय?

घंटा_झाली:
विषय दोन दिवस आधी द्या. बोलायची सुरुवात सर्वांत नव्या शिक्षकापासून, मुख्याध्यापक शेवटी. त्यांनी आधी मत दिलं की बाकीचे 'बरोबर सर' म्हणून मोकळे. इतिवृत्तात निर्णय, कोण करणार, कधीपर्यंत, एवढंच. पुढच्या मीटिंगची पहिली दहा मिनिटं त्याच यादीला.

सातवा_तास:
आणि प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची तर दिवाळीच्या तोंडावर नको. सत्र परीक्षेच्या पेपर तपासणीत सगळेच वैतागलेले असतात. जानेवारी बरा.