सल्ला हवा: होमबिल्ट विमानाच्या हायड्रॉलिक गिअरचं वायरिंग

ऐरोलीकर:
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीतल्या गाळ्यात मी आणि मित्र फायबरग्लासचं दोन सीटचं किट विमान बांधतोय. गिअरसाठी, म्हणजे उडताना आत घेतल्या जाणाऱ्या चाकांसाठी, १२ व्होल्टचा पॉवर पॅक (मोटर आणि तेलाचा पंप एकत्र) आहे. मोटर एका दिशेला फिरली की चाकं वर, उलट फिरली की खाली. पाइप, सिलिंडर बसवून झाले, आता वायरिंग. किटच्या डायग्राममध्ये दोन सोलेनॉइड (मोटरचा मोठा करंट जोडणारे रिले, एक 'अप'चा, एक 'डाउन'चा), प्रेशर स्विच (तेलाचा दाब पुरेसा झाला की पंप थांबवणारा) आणि हँडल, एवढंच आहे. विमान जमिनीवर असताना कुणाचा हात लागून हँडल वर गेलं तर काय, याची मला सगळ्यात धास्ती आहे. वायर कुठली घ्यावी तेही सांगा.

वागळे_इस्टेट:
धास्ती रास्त आहे. स्क्वॉट स्विच, म्हणजे विमानाचा भार चाकांवर आहे का ते ओळखणारा स्विच, मेन गिअरच्या स्ट्रटवर (भाराने दबणाऱ्या पायावर) बसवा आणि फक्त 'अप' सोलेनॉइडच्या कॉइलला सिरीजमध्ये घ्या. स्ट्रट पूर्ण लांबला तरच सर्किट पुरं व्हावं. मग वायर तुटली तरी चाकं वर जाणार नाहीत, एवढंच. 'डाउन'च्या सर्किटमध्ये हा स्विच चुकूनही येता कामा नये.

खाली येताना पंप कधी थांबणार, तेही बघा. तिन्ही चाकांच्या डाउन स्विचचे (चाक खाली लॉक झालं की दबणारे) नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्ट (एरवी जोडलेले, दबले की उघडणारे) पॅरलल जोडा. तिन्ही लॉक होईपर्यंत मोटर चालू राहते. सिरीजमध्ये जोडले तर पहिलं चाक लॉक होताच मोटर बंद पडेल आणि बाकीची दोन अधांतरी. हिरवे दिवे मात्र प्रत्येक चाकाचे वेगळे.

दोन्ही कॉइलवर डायोड हवाच, पट्टीची बाजू प्लसकडे. नाहीतर कॉइल सुटताना उसळणारा व्होल्टेज या नाजूक मायक्रोस्विचचे (स्क्वॉट आणि डाउन स्विचचे) कॉन्टॅक्ट जाळतो.

कळवेकर:
दादांच्या सांगण्यात एक भर. हँडल आधीच वर असेल आणि टेकऑफच्या धावेत विमान उसळलं, तर स्ट्रट क्षणभर लांबतो आणि स्क्वॉट स्विच परवानगी देऊन मोकळा होतो. म्हणून पिटॉटच्या (समोरून येणारी हवा घेणाऱ्या नळीच्या) दाबावर चालणारा एअरस्पीड स्विच त्याच्याच सिरीजमध्ये घ्या. तो बिघडून जोडला गेला नाही तर चाकं खालीच राहतील, उतरता येईल.

ऐरोलीकर:
हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि सोलेनॉइडच चिकटून बसला तर?

वागळे_इस्टेट:
'पंप चालू'चा पिवळा दिवा हँडलवरून घेऊ नका, सोलेनॉइडच्या मोटरकडच्या टर्मिनलवरून घ्या. कॉन्टॅक्ट वेल्ड झाले तर हँडल काहीही सांगो, दिवा जळत राहील. मग पंपाचा ब्रेकर खेचायचा. तो बसल्या जागी हाताला लागला पाहिजे. उडताना हा दिवा अधूनमधून लागत असेल तर 'अप'चा दाब कुठेतरी गळतोय.

फायबरग्लासला बॉडी अर्थ (धातूच्या सांगाड्यातून करंटचा परतीचा मार्ग) नसतो, त्यामुळे निगेटिव्ह केबलही पॉझिटिव्हइतकीच जाड, थेट बॅटरीपर्यंत. घरगुती पीव्हीसी वायर नको, जळली की कॉकपिटमध्ये विषारी धूर होतो. टेफ्झेलच्या (उष्णता सोसणारं प्लास्टिक) आवरणाची विमानाची वायर सर्टिफिकेटसकट मागवा. डायोड, मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडवर मिळतील.

कळवेकर:
आणि चाचणी जॅकवर, तिन्ही चाकं अधांतरी ठेवून. तिथे हवेचा वेग नसतो, म्हणून एअरस्पीड स्विच चाचणीपुरता बायपास करा, नंतर पूर्ववत करा. पंप फिरत असताना व्होल्टेज बॅटरीवर मोजा आणि पंपाच्या टर्मिनलवरही. फरक जास्त आला तर केबल बारीक आहे किंवा क्रिंप (वायरच्या टोकाचा दाबून बसवलेला जोड) कच्चा. मग चाकं वर घेऊन ब्रेकर खेचा आणि इमर्जन्सी व्हॉल्व्ह (तेलाचा दाब सोडून चाकं खाली येऊ देणारा) उघडा. विजेशिवाय तिन्ही चाकं खाली येऊन लॉक झाली पाहिजेत. दिवे बॅटरीवर चालू राहतील, पण लॉक डोळ्यांनीही तपासा. एक जरी चाक अडकलं तरी वायरिंगवरची झाकणं बंद करू नका.