किल आमचे जास्त, तरी एन्शंट आमचाच पडला : डोटा २ मध्ये नवशिक्याने आधी काय शिकावे?

कोयनाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

पूर्वी मी फोनवर मोबाईल लेजंड्स खेळत असे. जून २०२० मध्ये भारतात त्यावर बंदी आली आणि हा खेळप्रकारच माझ्याकडून सुटला. आता घरी संगणक आल्यामुळे दोन महिन्यांपासून डोटा २ (पाच विरुद्ध पाच असा संघांचा खेळ) खेळतो आहे. बॉटविरुद्धचे सामने सहज जिंकतो, परंतु माणसांविरुद्ध खेळताना जे घडते त्याचा उलगडा होत नाही, म्हणून परवाच्या सामन्याचे उदाहरण देऊन विचारतो.

मी रेथ किंग हा हिरो (खेळातले पात्र) घेतला होता. तिसाव्या मिनिटाला आमच्या संघाचे ३४ किल होते आणि समोरच्या संघाचे २१. माझे स्वतःचे ११ किल आणि ६ मृत्यू होते. आम्ही पाचही जण त्यांच्या जंगलात दोन हिरोंचा पाठलाग करत होतो. त्या दोघांना आम्ही मारलेही, पण तेवढ्या वेळात त्यांच्या नेचर्स प्रॉफेटने आमच्या खालच्या लेनमधला (तळाकडे येणाऱ्या वाटेवरचा) शेवटचा टॉवर आणि त्यामागचे दोन्ही बॅरॅक पाडले. परत येण्यासाठी आमच्यापैकी एकाकडेही टाउन पोर्टल स्क्रोल नव्हता. पुढच्या दहा मिनिटांत आमचा एन्शंट (तळातली मुख्य इमारत) पडला.

जवळजवळ प्रत्येक लढाई जिंकूनही सामना हातातून जात असेल, तर आम्ही नेमके कुठे चुकत आहोत? शिवाय १२० हून अधिक हिरो पहिल्या दिवसापासून मोफत मिळतात, त्यांतून नवशिक्याने कोणता घ्यावा आणि पाच भूमिकांपैकी कोणती शिकावी, याबद्दलही जाणकारांनी लिहावे अशी विनंती.

---

जुना_वाटसरू

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही सांगितलेल्या प्रसंगातच आहे. डोटामध्ये किल मोजून निकाल लागत नाही, एन्शंट पाडून लागतो. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण समोर अर्धमेला हिरो पळताना दिसला की ती सर्वात आधी विसरली जाते.

प्रत्येक बाजूला ११ टॉवर असतात : तीन लेनमध्ये प्रत्येकी तीन आणि एन्शंटजवळ दोन. एखाद्या लेनमधला बाहेरचा टॉवर उभा असेपर्यंत त्यामागच्या टॉवरला धक्का लागत नाही, आणि एन्शंटजवळचे दोन्ही टॉवर पडल्याशिवाय एन्शंटवर घाव घालता येत नाही. म्हणजे वाट ठरलेली आहे आणि ती ओलांडायला वेळ लागतो. हा वेळ कुठून येतो, तर समोरचे हिरो मेलेले असताना. मेलेला हिरो किती सेकंदांनी परत येईल हे त्याच्या पातळीवर ठरते. सुरुवातीला ही वाट पाहणे काही सेकंदांचेच असते, पण सामना लांबला की ती मिनिटभराच्या वर जाते. त्यामुळे तिसाव्या मिनिटाला दोन हिरो मारल्यावर तुमच्या संघाला मिळालेली खरी मिळकत म्हणजे ते दोघे नकाशावर नसतानाचा काळ. सोन्याचा लाभ त्या मानाने किरकोळ असतो. तो काळ तुम्ही जंगलातच घालवला आणि नेचर्स प्रॉफेटने स्वतःचा काळ तुमच्या बॅरॅकवर खर्च केला. हिशेब तिथेच फिरला.

नेचर्स प्रॉफेट या हिरोची रचनाच अशी आहे की तो नकाशावर कुठेही क्षणात जाऊ शकतो आणि झाडांतून उभे केलेले सैनिक घेऊन टॉवरला भिडतो. समोर असा हिरो असेल तर पाचही जणांनी एका कोपऱ्यात जमणे म्हणजे उरलेला नकाशा त्याला आंदण देणे होय. बॅरॅक एकदा पडले की पुन्हा उभे राहत नाहीत, आणि त्या लेनमध्ये समोरच्या संघाचे क्रीप (लेनमधून आपोआप चालून येणारे सैनिक) कायमचे बलवान होतात. त्यानंतर तुमच्यापैकी कोणाला तरी सतत ती लेन अडवायला घरी थांबावे लागते, म्हणजे बाहेरची लढाई चार विरुद्ध पाच अशी होते.

म्हणून लढाई जिंकल्याबरोबर स्वतःला एक प्रश्न विचारण्याची सवय लावा : आता जवळचा कोणता टॉवर पडू शकतो? टॉवर शक्य नसेल तर रोशन (नकाशावरचा बलाढ्य राक्षस) मारता येईल का? रोशनकडून मिळणारे एजिस ज्याच्याजवळ असते तो मेल्यावर जागीच पुन्हा उठतो, मात्र ते पाच मिनिटांत वापरले गेले नाही तर नाहीसे होते. म्हणून एजिस घेऊन जंगलात क्रीप मारत बसणाऱ्या खेळाडूचे मला फार वाईट वाटते. टॉवरही नाही आणि रोशनही नाही, अशी स्थिती असेल तर पुढे आलेल्या लेन मागे ढकला आणि परत फिरा. पाठलाग हा शेवटचा पर्याय आहे.

राहिला टाउन पोर्टल स्क्रोल. त्याची किंमत १०० सोने आहे आणि तो जवळ नसणे ही नवशिक्यांच्या सामन्यांतली सर्वात महागडी काटकसर आहे. मोठी वस्तू दोन मिनिटे उशिरा आली तरी चालेल, पण स्क्रोलशिवाय तळाबाहेर पाऊल टाकू नका.

---

पहाटेचा_कॅरी

वरील उत्तर तिसाव्या मिनिटाचे आहे आणि ते योग्यच आहे. मला पहिल्या दहा मिनिटांबद्दल लिहायचे आहे, कारण रेथ किंग घेऊन कॅरी (सोने जमवून पुढे संघाला जिंकवणारा) खेळणाऱ्याचा पाया तिथे घातला जातो.

दर ३० सेकंदांनी प्रत्येक लेनमध्ये क्रीपची एक लाट येते, त्यात सुरुवातीला तीन जवळून लढणारे आणि एक दुरून मारणारा असे चार क्रीप असतात. म्हणजे दहा मिनिटांत तुमच्या लेनमध्ये ८० च्या आसपास क्रीप येतात. सोने मात्र ज्याचा शेवटचा घाव लागतो त्यालाच मिळते, यालाच लास्ट हिट म्हणतात. एका पूर्ण लाटेचे सोने साधारण दीडशेच्या घरात जाते, त्यामुळे दोन लाटा नीट घेतल्या की एका किलइतकी कमाई कोणताही धोका न पत्करता होते. नवशिक्याने दहाव्या मिनिटाला ३० ते ४० लास्ट हिटचे ध्येय ठेवावे. डेमो हिरो या सुविधेत एकट्याने रोज पंधरा मिनिटे हाच सराव केला तर महिन्याभरात हात बसतो, असा माझा अनुभव आहे.

आता जी चूक मी नव्या खेळाडूंमध्ये सतत पाहतो ती सांगतो. ते क्रीपला सतत मारत राहतात. तुम्ही सतत मारत राहिलात की तुमचे क्रीप जिंकत पुढे सरकतात आणि दोन्ही लाटांची गाठ समोरच्या टॉवरजवळ पडू लागते. कबड्डी खेळलेल्या माणसाला हे लगेच उमजेल : चढाई करणारा मध्यरेषेपासून जितका आत जातो, तितके त्याचे परतणे अवघड होते आणि पकड सोपी होते. समोरच्या टॉवरखाली उभा असलेला कॅरी तसाच सापडतो. म्हणून मारायचा तो शेवटचाच घाव, आणि एरवी हात आवरायचा. गाठ आपल्या टॉवरच्या थोडी पुढे पडत राहिली, तर समोरच्याला तुमच्या बाजूला यावे लागते आणि धोका त्याच्या वाट्याला जातो.

याला जोड म्हणून डिनाय शिका. आपल्याच क्रीपची शक्ती निम्म्याहून कमी झाली की त्याला आपण मारू शकतो. तसे केले की समोरच्याला त्याचे सोने मिळत नाही आणि अनुभवही कमी मिळतो. टॉवरबद्दलही एक बारकावा आहे. टॉवरखाली जाऊन समोरच्या हिरोवर हल्ला केला की टॉवर तुमच्याकडे वळतो. अशा वेळी जवळच्या आपल्याच क्रीपवर हल्ल्याची आज्ञा दिली की टॉवर तुम्हाला सोडून दुसरे लक्ष्य शोधतो. ही एक युक्ती पाठ असेल तर पहिल्या दहा मिनिटांतले एकदोन मृत्यू नक्की टळतात.

हिरोबद्दल म्हणाल तर रेथ किंग सोडू नका. त्याला मरणानंतर एकदा उठण्याची सोय आहे आणि हाताळायला फारशी बटणे नाहीत. त्याच्या जोडीला ड्रॅगन नाइट आणि व्हायपर शिका. पहिले शंभर सामने तीनच हिरोंवर खेळलात तर तुमचे लक्ष बटणांवरून उठून नकाशाकडे जाईल. टर्बो प्रकारात मात्र शिकू नका. तिथे सोने आणि अनुभव वेगाने मिळतात, त्यामुळे लेनची किंमत कळतच नाही.

---

वॉर्डवाली

मी बहुतेक वेळा पाचव्या स्थानावर, म्हणजे सपोर्ट (साथीदारांना मदत करणारा) म्हणून खेळते, आणि भूमिकेबाबत माझे मत वरच्या उत्तराहून वेगळे आहे. नवशिक्याने निदान पहिले काही आठवडे सपोर्ट खेळावे. कॅरीची नजर लास्ट हिटवर खिळलेली असते, त्यामुळे उरलेल्या नकाशावर काय चालले आहे हे त्याला दिसत नाही. सपोर्टला ते पाहावेच लागते, कारण वॉर्ड (आसपासचा भाग दाखवणारी वस्तू) कुठे ठेवायचा हे ठरवण्यासाठी समोरचा संघ कुठून येईल याचा विचार करणे भाग पडते. लिच आणि ओग्रे मेजाय हे दोन हिरो यासाठी उत्तम आहेत. ओग्रे मेजाय तर इतका दणकट आहे की पाऊल चुकले तरी सावरायला वेळ मिळतो.

ऑब्झर्व्हर वॉर्डला सोने लागत नाही, पण दुकानातला साठा हळूहळू भरतो आणि ठेवलेला वॉर्ड सहा मिनिटांनी संपतो. म्हणून तो मौल्यवान आहे असे समजूनच ठेवावा. नवीन सपोर्ट एकाच उंच जागी वारंवार वॉर्ड ठेवतात आणि समोरचा सेंट्री वॉर्ड (लपलेले वॉर्ड दाखवणारा) ठेवून तो दर वेळी शोधून फोडतो. पुढच्या पाच मिनिटांत आपला संघ कुठे जाणार आहे हे आधी ठरवा आणि त्या वाटेवर वॉर्ड ठेवा. वरचा टॉवर पाडायचा असेल तर त्यामागच्या जंगलाच्या तोंडाशी वॉर्ड हवा. खालच्या नदीत ठेवलेला वॉर्ड त्या वेळी निरुपयोगी असतो.

एप्रिल २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वन स्पर्धा झाली, तेव्हा मी प्रेक्षकांत बसले होते. तोवर मी फक्त हिरोंच्या करामती पाहत असे. तिथे भल्या मोठ्या पडद्यावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आणि ती माझ्या मनात कायमची बसली : दोन हिरो मारले की विजयी संघातले कोणीही तिसऱ्याच्या मागे धावत नव्हते, सगळे एकदम टॉवरकडे वळत होते. कोणी कोणाला सांगितल्यासारखेही वाटत नव्हते. जुना_वाटसरू यांनी जे लिहिले आहे, ते त्या दिवशी मला डोळ्यांनी दिसले.

आणखी एक सुचवते. सामना संपल्यावर त्याचे रिप्ले (सामन्याची नोंद) उतरवून घेता येते आणि कोणत्याही खेळाडूच्या नजरेने पाहता येते. संपूर्ण सामना पाहत बसू नका, तेवढा धीर कोणालाच नसतो. फक्त स्वतःचे मृत्यू पाहा, आणि प्रत्येक मृत्यूच्या आधीच्या वीस सेकंदांत मिनीमॅपवर (कोपऱ्यातल्या लहान नकाशावर) समोरचे किती हिरो दिसत होते ते मोजा.

---

कोयनाकाठ

आपण तिघांनीही इतक्या आपुलकीने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. वॉर्डवाली ताईंनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री रिप्ले उघडले आणि माझे सहाही मृत्यू पाहिले. दोन मृत्यू लढाईतले होते, त्यांबद्दल फारसे वाईट वाटत नाही. उरलेल्या चारही वेळी मी एकटाच नदी ओलांडून पलीकडच्या लेनमध्ये क्रीप मारत होतो आणि मिनीमॅपवर समोरचा एकच हिरो दिसत होता. त्यांपैकी दोन वेळा तर माझ्या सपोर्टने नकाशावर इशाऱ्याची खूणही केली होती आणि ती माझ्या लक्षात आली नव्हती. त्या खेळाडूवर सामन्यात मी चिडलो होतो, याची आता फार खंत वाटते.

एक शंका उरते. समोरचे चार जण दिसत नसतील तर मी जायचे कुठे? सोने तर कमवायलाच हवे, आणि प्रत्येक वेळी तळाशी जाऊन बसलो तर मी मागे पडेन.

---

जुना_वाटसरू

तळाशी बसू नका. समोरचे दिसत नसतील तर लाट आपल्या टॉवरपर्यंत येऊ द्या आणि तिथे ती मारा, किंवा आपल्याच जंगलातल्या क्रीपकडे वळा. तिथे दर मिनिटाला मोकळ्या जागा नव्याने भरतात, त्यामुळे कमाई थांबत नाही. नदीपलीकडची लाट तेव्हाच घ्यायची, जेव्हा समोरचे निदान तिघे नकाशाच्या दुसऱ्या टोकाला दिसत असतील किंवा मेलेले असतील. ते दिसताक्षणी मात्र ताबडतोब निघा, कारण ती संधी पंधरा-वीस सेकंदांचीच असते. एक लाट मारायची, टॉवरवर जमतील तितके घाव घालायचे आणि ते नकाशावरून पुन्हा नाहीसे झाले की मागे फिरायचे.

मागे पडण्याची भीतीही थोडी कमी करा. २०१८ मध्ये व्हँकुव्हर येथे झालेल्या द इंटरनॅशनल या डोटा २ च्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत ओजी हा संघ पाचांपैकी दोन सामने गमावून बसला होता. चौथ्या सामन्यातही तो बराच मागे होता, तरीही त्याने तो सामना फिरवला आणि पुढे विजेतेपद मिळवले. खुल्या पात्रता फेरीतून आलेला संघ होता तो. डोटामध्ये पिछाडीवरचा संघ सावरू शकतो, कारण उंचावरचा स्वतःचा तळ राखणे सोपे असते आणि खालून चढून येणाऱ्याला वरचे दिसत नाही. तुमच्याजवळ बायबॅकपुरते (सोने देऊन लगेच जिवंत होण्यापुरते) सोने असेल तर समोरच्याची एकच चूक पुरेशी ठरते.

---

वॉर्डवाली

इशाऱ्याच्या खुणेबद्दल लिहिलेत ते वाचून बरे वाटले. सपोर्टकडे बोलण्याइतका वेळ बहुधा नसतो, त्यामुळे ती खूण हेच त्याचे बोलणे असते. दर लास्ट हिटनंतर एकदा मिनीमॅपकडे नजर टाकायची, एवढे सुरुवातीला मुद्दाम करा. पुढे ते आपोआप होते. भारतातल्या सर्व्हरवर संध्याकाळी खेळत असाल तर इथे कळवा, पहाटेचा_कॅरी आणि मी बहुधा नऊनंतर असतो. रेथ किंग तुम्ही घ्या, लेनमध्ये लिच घेऊन मी येते.