फॉर्ममध्ये अपॉस्ट्रॉफीला बंदी? ही दुरुस्ती नव्हे!

कुळागर, फोंडा
बाणावलीच्या एका गेस्टहाउसचं बुकिंगचं पान माझ्याकडे आलंय. तक्रार अशी, की काही पाहुण्यांचं बुकिंग होतच नाही. लॉग (सर्व्हरची नोंदवही) उघडला तर मायएसक्यूएल या डेटाबेसची एरर 1064, म्हणजे आज्ञेची वाक्यरचना चुकली, आणि तिच्यात 'निअर'च्या पुढे 'सोझा'. डी'सोझा, डी'मेलो, डी'कॉस्टा सगळे बाहेर! क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, मजकुराचे तुकडे (स्ट्रिंगा) जोडून बनवलेली, आणि नाव तिच्यात अवतरणचिन्हांत. अपॉस्ट्रॉफी, म्हणजे नावातलं ते ' चिन्ह, आला की नाव संपलं असं डेटाबेस धरतो आणि उरलेल्या 'सोझा'चं काय करावं ते त्याला कळत नाही. ('निअर'नंतर दिसतं ते पार्सर, म्हणजे आज्ञा वाचणारा भाग, अडखळला ती जागा. चूक बहुधा तिच्या जरा आधी असते.)

आधी साइट सांभाळणाऱ्याचा सल्ला: जावास्क्रिप्टने ते चिन्हच अडवा. सासष्टीत बसून डी'सोझांना अडवायचं? माझं मत ठाम आहे, प्रिपेअर्ड स्टेटमेंटच हवं: आज्ञा आधी वेगळी द्यायची, पाहुण्याने भरलेलं नंतर वेगळं. सोझा जिथे अडतो तिथूनच एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे फॉर्ममधून घुसवलेली परकी आज्ञा, आत शिरतं, आणि ब्राउझर न वापरता थेट रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला तुमची जावास्क्रिप्ट लागूच होत नाही.

रापणकार, म्हापसा
बरोबर आहे रे, पण पैसे कोण देणार? डिसेंबर तोंडावर आलाय, पात्रांव (मालक) म्हणतो आजच चालू करून दे. अपॉस्ट्रॉफीच्या आधी \ लावून त्याला एस्केप करणारं मायएसक्यूएल_रिअल_एस्केप_स्ट्रिंग लाव आणि मोकळा हो. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं तेव्हा नीट लिही. शिवाय बरेच जण ऑनलाइन डिसोझा असं सलगच लिहितात.

कुळागर
ती जुनी मायएसक्यूएल_ फंक्शनं पीएचपी (साइट जिच्यात लिहिलीय ती भाषा) 7.0 मधून 2015 सालीच काढून टाकलीत. म्हणजे साइट अजून 5 वर ठेवायची? आणि क्वेरीत आकडा अवतरणाशिवाय जात असेल, बुकिंग नंबर वगैरे, तर तिथे घुसायला अपॉस्ट्रॉफी लागतच नाही, मग एस्केपिंगचा काडीचा उपयोग नाही. पावसाळ्यातली कामं किती होतात ते मी पाहतोय.

मांडवीकाठ, पणजी
दोघंही इन्सर्टपाशीच, म्हणजे नाव टेबलात घालण्यापाशीच अडलात. एस्केप करून घातलेलं नाव टेबलात मूळ रूपातच बसतं, अपॉस्ट्रॉफीसकट. उद्या रिपोर्टच्या कोडने तेच नाव वाचून दुसऱ्या क्वेरीत चिकटवलं की 1064 परत हजर. त्यामुळे रापणकारांचा उपाय चालणार नाही.

पण कुळागर, प्रिपेअर्डनेही सगळं सुटत नाही. ऑर्डर बायमधलं (यादी कशानुसार लावायची ते) कॉलमचं नाव बाइंड करता, म्हणजे असं वेगळं पाठवता येत नाही, तिथे परवानगी असलेल्या नावांची यादीच लागते. आणि आयफोनवाले? आयओएस 11 पासून तिथला कीबोर्ड सरळ अपॉस्ट्रॉफीऐवजी बाकदार चिन्ह टाकतो. डेटाबेसला ते साधं अक्षर, एरर नाही, बुकिंग पक्कं. म्हणून मालक म्हणतो "माझ्या फोनवर तर चालतं". मग रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर सरळ चिन्ह टाइप करून शोधलं, की पाहुणा दारात उभा आणि यादीत नाही.

रापणकार
म्हणजे नाव साफ करूनच घ्यायचं. मी वेगळं काय म्हणत होतो?

मांडवीकाठ
नाही हो! पाहुण्याने लिहिलं तसंच साठवायचं. शोधायला वेगळा कॉलम ठेवा, त्यात दोन्ही चिन्हं काढून टाका. आणि लाइव्ह साइटवर डिस्प्ले_एरर्स (एरर पानावर दाखवणारी सेटिंग) आधी बंद करा. ती एररची ओळ पाहुण्यांना दिसत असेल तर टेबलांची नावंही दिसत असतील.

कुळागर
वेगळ्या कॉलमचं पटलं. परवानगीच्या नावांच्या यादीचंही. पण सुरुवात प्रिपेअर्डनेच. पाहुण्याने भरलेलं जिथे जिथे क्वेरीत जातं तेवढंच आधी, पीडीओने (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय). पूर्ण साइट नव्याने लिहा असं मी कुठे म्हटलं?

रापणकार
तेवढ्याचं बिल कसं लावतोस ते सांग. आमचा पात्रांव पान उघडून बघतो आणि विचारतो, "बदललं काय? सगळं होतं तसंच दिसतंय."